चौदा सेकंदांत चालू होणारा डबा

‘यंत्र चालू केल्यापासून चौदा सेकंदांत पडद्यावर स्थान दाखवत होते. यंत्रात बिघाड आढळला नाही.’

ही दोन वाक्यं माझी आहेत. कंपनीच्या कागदावर टाइप केलेली, खाली माझी सही. त्यात एकही शब्द खोटा नाही. वकिलाला दाखवा, मास्तरांना दाखवा, कोणी चूक काढणार नाही. आणि याच दोन वाक्यांनी एका तांडेलाचं चाळीस वर्षांचं नाव बुडवलं. मासेमारीच्या होडीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल. हा माणूस दारूला शिवत नव्हता, आणि आमच्या बंदरातल्या मच्छीमार सोसायटीच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं, ‘नशेत होडी खडपावर घातली.’ ती ओळ चार वर्षं तशीच राहिली. मला खरं काय ते ठाऊक होतं. आता पंचाहत्तरी उलटल्यावर मी ते लिहून ठेवतो आहे. उशीर झाला, हे मला कोणी सांगायला नको.

माझं सारं आयुष्य मुंबईत संगणकाच्या आतल्या भागावर काम करण्यात गेलं. निवृत्त होऊन रत्नागिरीला परतलो, भाट्याच्या बाजूला छोटं घर बांधलं आणि सहा महिन्यांत कंटाळलो. तेव्हा इथल्या एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीच्या मालकाने मला बोलावलं. चाळिशीतला, हुशार, गोड बोलणारा माणूस. आधी ते लोट्याच्या रासायनिक कारखान्यांना नियंत्रणाचे डबे पुरवत. डबा म्हणजे पत्र्याच्या पेटीत बसवलेला छोटा संगणक. नंतर मालकाने होड्यांसाठी डबा काढला. त्याच्या पडद्यावर नकाशा दिसे आणि नकाशावर एक लाल ठिपका. ठिपका म्हणजे तुमची होडी. तोच ठिपका सोसायटीच्या ऑफिसातही दिसे आणि बाकीच्या होड्यांवरही. त्याची नोंद मात्र फक्त डब्यातच राही. समुद्रात डबा बंद करायचा नाही, असा सोसायटीचा नियम होता.

डबा चांगला होता, फक्त आळशी होता. बटण दाबल्यापासून ठिपका दिसेपर्यंत दीड मिनिट जाई. एकदा जेटीवर डबे बसवायला गेलो होतो तेव्हा एक म्हातारा खलाशी मला सगळ्यांदेखत म्हणाला, “तुमचा डबा उठून तोंड धुवंपरत आमची होडी बंदराभायेर जाते.” सगळे खदखदून हसले. मीही हसलो, पण मालक हसला नाही. दुसऱ्या एका कंपनीचा डबा वीस सेकंदांत चालू होतो, असं त्याने कुठल्याशा प्रदर्शनात पाहिलं होतं. तिथून येताना त्याने एक स्टॉपवॉच विकत आणलं. ते माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, “काका, पंधराच्या आत.”

यात मी काय केलं ते नीट सांगायला हवं, कारण त्यातला काही भाग चांगला होता, आणि त्या चांगल्या भागाच्या आडोशालाच मी इतकी वर्षं लपून बसलो.

संगणकाच्या अगदी तळाशी जो प्रोग्राम असतो त्याला कर्नल म्हणतात. तो सगळ्यांना कामं वाटून देणारा मुकादम. एकाच वेळी अनेक प्रोग्राम एकच माहिती वाचत असतात. ती माहिती बदलायची झाली तर कर्नल नवी प्रत तयार करतो, पण जुनी लगेच टाकून देत नाही. जुनी वाचायला ज्यांनी आधी सुरुवात केली होती त्यांचं सगळ्यांचं वाचून होईपर्यंत तो थांबतो. आपल्याकडे पंगत असते तसंच. शेवटचा माणूस हात धुवायला उठेपर्यंत पानं उचलायची नाहीत. एखादा सावकाश जेवणारा असला तरी वाढप्याने उभं राहायचं.

डबा चालू होताना असं थांबणं शेकडो वेळा होई. एकेक थांबा क्षणाच्याही लहान तुकड्याएवढा, पण सगळे मिळून बरेच सेकंद खात. मी चालू होतानाची सगळी नोंद कागदावर छापून घेतली. प्रत्येक ओळीपुढे वेळ होती. दोन ओळींमध्ये जिथे मोठं अंतर दिसलं तिथे लाल पेन्सिलीने खूण केली. तीन आठवडे मी त्या कागदांवर वाकून बसलो होतो. कर्नलला एक सोय असते. ‘चालू होईपर्यंत घाई कर,’ असं त्याला सांगता येतं. मग तो पंगतीत फिरून प्रत्येकाला ‘उरका’ म्हणतो. थांबायचं तेवढं थांबतोच, कोणाचं पान ओढून घेत नाही, फक्त ताटकळत उभा राहत नाही. डबा पूर्ण चालू झाला की ही घाई काढून घ्यायची, नाहीतर पुढची कामं अडखळतात. कर्नलच्या मते आपण कधी ‘चालू झालो’ आणि खरोखर कधी झालो, यातही फरक असतो. तो फरक मी शोधून काढला, आणि घाई नेमकी कुठे संपवायची ते ठरवलं. दीड मिनिटाचं पाऊण मिनिट झालं. हे काम मी आजही कोणालाही दाखवीन. इथेच थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

पण स्टॉपवॉच टेबलावर होतं.

उरलेल्या पाऊण मिनिटात एकच मोठा थांबा होता, जवळजवळ अर्ध्या मिनिटाचा. तो कर्नलचा नव्हता. आमच्याच ऑफिसातल्या एका मुलीने घातलेला होता. ती पालीची, समुद्रापासून आत असलेल्या गावची, इंजिनियर होऊन नुकतीच लागलेली, रोज एसटीने येई. डबा बंद होताना शेवटची जागा साठवून ठेवत असे, म्हणजे पुढच्या वेळी उपग्रह लवकर सापडतात. या मुलीने असं केलं होतं की चालू झाल्यावर उपग्रहांकडून ताजी जागा येईपर्यंत पडद्यावर ठिपका दाखवायचाच नाही. ‘थांबा’ एवढाच शब्द दिसे. आपल्या ओळींच्या वर तिने मराठीत टीप लिहिली होती : ‘हा थांबा काढू नये. जुनी जागा ताजी म्हणून दाखवली जाईल.’

मी तो थांबा काढायचं ठरवलं. ती माझ्या टेबलाशी आली.

“काका, हे काढलंत तर चालू करताच जुनी जागा दिसेल.”

“दिसू दे. अर्ध्या मिनिटात ताजी येतेच.”

“आणि मधल्या वेळात होडी हललेली असली तर?”

“डबा बंद असताना होडी जाईल कुठे? जेटीला बांधलेली असते.”

“कोणी डबा बंद करून गेलं तर?”

“तू पालीची ना गं? समुद्र कधी पाहिलास?”

“पाहिलाय की. भाट्याला. शाळेची सहल आली होती.”

ऑफिसातले चौघेजण हसले. तीही थोडी हसली आणि जागेवर जाऊन बसली. जाताना म्हणाली, “निदान ठिपका करड्या रंगाचा करू या, आणि शेजारी ‘जुनी’ असं लिहू.” मालक दारात उभा होता. तो म्हणाला, “अगं, ‘जुनी’ असं लिहिलेला डबा प्रदर्शनात कोण घेईल?” पुन्हा हशा झाला. तो हशा अजून माझ्या कानात बसलेला आहे, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा आहे.

लोट्याच्या कारखान्यात डबा बंद म्हणजे यंत्र बंद, आणि यंत्र बंद म्हणजे सगळं जागच्या जागी. ते गृहीत धरून मी समुद्रात उतरलो. त्या मुलीला समुद्र ठाऊक नव्हता, तरी तिने बरोबर प्रश्न विचारला. आणि मला? माझे वडील मालवाहू बोटींवर होते. माझा मामा तांडेल होता. मामाला ज्या जागी सुरमई लागे ती जागा त्याने कधी कोणाला सांगितली नाही, मामीलासुद्धा नाही. मागून दुसरी होडी येताना दिसली तर तो मुद्दाम भलत्याच ठिकाणी जाळं टाकून बसे, ती गेली की उचलून आपल्या जागी जाई. आमच्या किनाऱ्यावर माणूस घराची किल्ली शेजारी ठेवून जाईल, पण माशाची जागा सांगणार नाही. आणि आम्ही काय केलं होतं? प्रत्येक होडीची जागा बाकीच्या सगळ्यांना दाखवणारा डबा विकला होता! अशा माणसांनी बंदराबाहेर पडताच तो बंद केला नसता तरच नवल. हे मला कळायला हवं होतं. माझ्यापेक्षा त्या ऑफिसात कोणालाच कळणं शक्य नव्हतं. मी चार ओळी काढल्या, टीपही पुसली. डबा चौदा सेकंदांत चालू झाला. मालकाने पेढे वाटले.

पंगतीच्या भाषेत बोलायचं तर मी नव्या पाहुण्यांना उष्ट्या पानावर बसवलं, आणि वाढप्याच्या चपळाईचं बक्षीस घेतलं.

त्या वर्षी दसऱ्यानंतरची एक दुपार. दिवसभर उकाडा, आणि चारच्या सुमारास अचानक विजांसकट पाऊस. मी घरीच होतो, समोरचं कुंपण दिसत नव्हतं. त्याच वेळी एक होडी परत येत होती. तांडेलाने सकाळी बंदराच्या तोंडाशीच डबा बंद केला होता. आता पावसात काही दिसेना म्हणून त्याने तो चालू केला. चौदा सेकंदांत लाल ठिपका आला, बंदराच्या तोंडाशी, स्पष्ट, ठसठशीत. तांडेलाला वाटलं आपण पोचलो. आत शिरायला जसं वळतात तसा तो वळला. प्रत्यक्षात होडी अजून दीपगृहाखालच्या खडपाजवळ, म्हणजे पाण्यातल्या खडकांजवळ होती. थोड्या वेळाने ठिपका आपल्या खऱ्या जागी गेला, पण तोवर होडीचा तळ खडपावर घासला होता. होडीवरची सातही माणसं पोहून, दोराला धरून वर आली. एका खलाशाचा पाय मोडला, तो अजून लंगडतो. होडी दुसऱ्या भरतीला फुटली.

सोसायटीत चौकशी झाली. तांडेल एकच सांगत होता, “ठिपको तोंडाशी व्हता. मी वळलो. मग ठिपक्यान उडी मारलान.” लोकांनी त्याची थट्टा केली. ठिपका कधी उडी मारतो का? त्याला विचारलं, डबा सकाळपासून चालू होता ना? तो म्हणाला, “व्हता.” बंद केला होता असं म्हणाला असता तर नियम मोडल्याचं कबूल होत होतं, आणि कुठल्या जागेसाठी बंद केला हा पुढचा प्रश्न आलाच असता. मग लहानपणापासून ओळखीच्या खडपावर चाळीस वर्षं समुद्रात काढलेला तांडेल होडी का घालील? दोन दिवसांपूर्वी तो एका हळदीला गेला होता, तिथे दारू वाटली होती. एवढ्यावर लोकांनी ठरवून टाकलं. किती सोपं असतं माणसाला दारूडा ठरवणं! त्याला पुरावा लागत नाही, वास लागत नाही, फक्त चार मान हलवणारे लागतात.

सोसायटीने आमच्या कंपनीकडे डब्याबद्दल अहवाल मागितला. डबा शाबूत होता, तो माझ्याकडे आला. ‘ठिपक्याने उडी मारली’ हे ऐकल्याबरोबर मला पुसलेली ती टीप आठवली होती. मी तसलाच दुसरा एक डबा घेतला, स्कूटरच्या बॅटरीला जोडला, कंपनीच्या फाटकाशी चालू करून बंद केला. भाट्याच्या पुलावरून पलीकडे गेलो, सुरूच्या झाडांपाशी स्कूटर उभी केली आणि बटण दाबलं. चौदा सेकंदांत ठिपका आला. तो कंपनीच्या फाटकाशी होता. मी समुद्राकडे तोंड करून उभा होतो आणि माझ्या हातातला डबा सांगत होता की मी एमआयडीसीत आहे. घड्याळाकडे बघत राहिलो. एकदम ठिपका उडाला, खाडी ओलांडून सुरूच्या झाडांत येऊन बसला.

शेजारी एक बाई शहाळी विकत होती. ती म्हणाली, “बरा नाय वाटत का हो? बसा जरा.” मी बसलो. तो दिवस आणि ती वेळ मी खिशातल्या डायरीत लिहिली. का लिहिली कोण जाणे. नोंद ठेवण्याची सवय.

फुटलेल्या होडीवरच्या डब्यातली नोंदही मी काढून छापली. सकाळी बंद, दुपारी चालू, नंतर टक्कर. शंकेला जागाच नव्हती. ते सगळं घेऊन मी त्याच संध्याकाळी मालकाकडे गेलो. त्याने दार लावून घेतलं.

“काका, सोसायटीने काय विचारलंय? डबा चालू होता का, बिघाड होता का. एवढंच ना?”

“अरे, पण त्याने दाखवलेली जागा जुनी होती.”

“डबा बिघडला होता का?”

“बिघडला नव्हता. तो तसाच बनवलाय.”

“मग लिहा तसं. आणि तो बंद-चालूचा कागद दिलात तर आधी त्या तांडेलावरच नियम मोडला म्हणून कारवाई होईल. त्याचं भलं करताय की वाईट?”

हा मुद्दा मी लगेच उचलला. बुडत्याने फळी धरावी तसा. कागद दिला तर बिचाऱ्याला दंड होईल, म्हणून न दिलेलाच बरा! स्वतःला वाचवताना मी दुसऱ्यावर दया करतो आहे असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती दोन वाक्यं लिहिली आणि सही केली. पालीच्या मुलीला ते टाइप करायला दिलं गेलं नाही, पण तिने वाचलं. ती माझ्याकडे आली आणि कागद माझ्यासमोर धरून उभी राहिली. मी चष्मा पुसत बसलो. महिन्याभरात ती नोकरी सोडून गेली. ती शहाणी होती आणि मी तिला गप्प बसवलं, हेही इथे लिहून ठेवतो.

मीही वर्षभरात काम सोडलं, तब्येतीचं कारण सांगून. मालकाने शाल आणि नारळ दिला. तांडेलाला परत कोणी होडी दिली नाही. तो जेटीच्या कडेला बसून दुसऱ्यांची जाळी विणू लागला. मी मासे आणायला जाणं बंद केलं. बायकोला वाटलं, गुडघे दुखतात.

या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी बायको बाजारातून आली आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, “ऐकलंत का, चाळीस वर्षं समुद्रात काढलेल्या तांडेलांचा सत्कार करणार आहेत. त्या उडीवाल्याचं नाव यादीतून काढलं. त्याने अर्ज केलाय, रजिस्टरातली दारूची ओळ काढा म्हणून. सेक्रेटरी म्हणतो, रविवारच्या सभेत पुरावा आण. कसला पुरावा आणणार तो? समुद्राला साक्षीला उभा करणार? मला तर वाटतं, सत्काराच्या हौसेने...”

“त्याने दारू घेतली नव्हती,” मी म्हटलं.

“तुम्हाला काय माहीत?”

मग मी तिला सांगितलं. सगळं. बोलून झालं तेव्हा कोळंबीचं पाणी पिशवीतून गळून जमिनीवर पसरलं होतं, आणि ती पुसत नव्हती.

“मी त्या माणसाला तोंडावर दारूडा म्हटलंय,” ती म्हणाली. “एकदा नाही. त्याने वाट अडवून जाळं पसरलं होतं तेव्हा म्हटलं, आणखी कधी म्हटलं. त्याने वर पाहिलं नाही. आणि तुम्ही रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून चहा पीत होतात!”

दुसऱ्या दिवशी तिने माझा इस्त्रीचा सदरा पलंगावर ठेवला आणि म्हणाली, “रविवारी अकराला सभा आहे.”

शनिवारी मी मालकाला फोन करून सांगितलं. लपून काही करायचं नव्हतं. तो आधी ‘काका, काका’ करत राहिला, मग म्हणाला, “तुम्ही करारावर सही केलीत, आतल्या गोष्टी बाहेर सांगणार नाही म्हणून.” मला हसू आलं आणि मग संताप आला. एका माणसाला गावात तोंड दाखवायची चोरी झाली, आणि याला करार आठवला! मी म्हटलं, “कर खटला. कोर्टात मी हेच पुन्हा सांगेन, आणि तिथे लोक जास्त येतील.”

सभेला चाळीसेक माणसं होती. मी अहवाल वाचला, मग चार वर्षं घरी दडवून ठेवलेला बंद-चालूचा छापील कागद वाचला, मग त्या थांब्याबद्दल आणि स्कूटरवर केलेल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. सेक्रेटरी स्वतः दोन होड्यांचा मालक, जाड भिंगांचा चष्मा, शिस्तीचा माणूस. त्याने मला मध्ये तोडलं नाही. नंतर म्हणाला, “काका, तुमी म्हणता तसा व्हायचा तर डबो आधी बंद असायला होवो. आणि ह्यानी चौकशीत सांगितलानी, सकाळपासना चालू व्हता. म्हणजे एक कोणतरी खोटा.”

सगळ्यांनी तांडेलाकडे पाहिलं. तो मागच्या बाकावर होता. मला तेव्हाच उमगलं की मी त्याला कुठे आणून उभं केलं आहे. ‘चालू होता’ म्हणाला तर दारूडाच राहणार. ‘बंद होता’ म्हणाला तर चाळीस माणसांसमोर नियम मोडल्याचं कबूल, आणि नियम मोडणाऱ्याचा सत्कार होत नाही.

तो उठला. “बंद व्हता,” तो म्हणाला. “मी केलो बंद. चौकशीत खोटा बोललो.”

“कशाक बंद केलात?”

“तुमी कशाक करता?”

मग कोपऱ्यातून कोणीतरी फिसकन हसलं आणि सभा फुटली. सेक्रेटरीने टेबलावर थाप मारली. “जागा कुठली ती तरी सांगा!”

“ती मेल्यावरपन नाय सांगणार.”

हसणं थांबल्यावर एक तरुण तांडेल उभा राहिला. “माज्यापन होडीवर उडी मारतो,” तो म्हणाला. “मागच्या मयन्यात मारलान.” दुसरा म्हणाला, “माज्यापन.” मग तिसरा. एकेक करून नऊ जण उठले. त्या सगळ्यांनी ठिपक्याची उडी पाहिलेली होती, आणि चार वर्षांपूर्वी यांतलेच चार जण चौकशीला हजर होते. डबा बंद करतो हे उघडं पडू नये म्हणून त्यांनी आपल्यातल्या एकाला दारूडा होऊ दिलं. त्या क्षणी त्यांचा मला भयंकर राग आला. मी आवाज चढवून काहीतरी बोललोही. तांडेल माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, “तुमी नका बोलू. मीच चालू व्हता म्हणून बोललो, मग ते काय बोलणार? तुमाला तर ठावक व्हता.”

मी खाली बसलो.

मग त्याने विचारलं, “म्हणजे ह्या सगळ्यांच्या डब्यात अजून तसाच हाय?”

“हो,” मी म्हटलं. “कोणी बदललेलं नाही.”

मी घरून निघताना माझ्या अपराधाचे सगळे कागद नीट लावून आणले होते, आणि हे मात्र सांगायचं माझ्या यादीतच नव्हतं. त्या माणसाने आपल्या सत्काराचं काय म्हणून विचारण्याआधी ते विचारलं. सेक्रेटरीने तिथल्या तिथे फळ्यावर लिहायला लावलं : डबा चालू केल्यावर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट कोणी वळायचं नाही. कंपनीला पत्र गेलं. कंपनीचं उत्तर आलं आहे. ‘यंत्र ठरलेल्या वैशिष्ट्यांनुसार चालते,’ असं त्यात लिहिलं आहे. माझ्या जागी आता दुसरा कोणी त्यांना खरी वाक्यं लिहून देतो.

सत्काराच्या यादीत तांडेलाचं नाव घातलं नाही. नियम मोडल्याचं त्याने स्वतःच कबूल केलं होतं ना! उठून उभे राहिलेल्या नऊ जणांपैकी दोघांचा सत्कार मात्र झाला. हे मला आजही पचत नाही, पण तो म्हणाला, नारळ घरी पुष्कळ आहेत.

ओळ काढायचं मात्र ठरलं. सेक्रेटरीने रजिस्टर उघडलं आणि पांढऱ्या शाईची बाटली मागवली. तांडेल पुढे आला.

“पुसू नका,” तो म्हणाला. “ऱ्हावं दे ती ओळ. कोणी काय लिवलान ता दिसं दे. खाली लिवा.”

सेक्रेटरीने खाली लिहिलं की यंत्र चुकीची जागा दाखवत होतं आणि तांडेल शुद्धीवर होता. तांडेलाने ते दोनदा वाचून घेतलं. मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी सही केली आणि सवयीने त्या दिवसाची तारीख घालू लागलो.

“आजची नको,” तो म्हणाला. “तुमाला कळला त्या दिवसाची घाला.”

मी खिशातली जुनी डायरी काढली. सुरूच्या झाडांपाशी लिहिलेली तारीख बघून ती सहीखाली लिहिली. अहवालाचा कागद शेजारीच होता, त्यावर त्याची तारीख होती. तांडेलाने दोन्हींवर बोट ठेवून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं.

“एक दिवस आधी,” तो म्हणाला, आणि चपला घालून जेटीकडे गेला.